बाळाच्या दातांची सुरुवात आईच्या दाढेपासून

"मी याले गोड काहीच देत नही, तरी याना दात किडी ग्यात."

अडीच वर्षांचा मुलगा मांडीवर घेऊन ती माझ्या दवाखान्यातल्या खुर्चीवर बसली होती. पोरगं तोंड उघडेना. शेवटी तिनेच अंगठ्याने त्याचा वरचा ओठ उचलला. समोरचे चार दात हिरडीजवळ तपकिरी पडलेले, त्यातल्या दोघांची टोकं झडून ज्वारीच्या दाण्याएवढे ठोंब उरलेले. खालचे दात मात्र पांढरेशुभ्र. आई खोटं बोलत नव्हती. चॉकलेट-गोळ्या घरात खरंच येत नव्हत्या. रात्री झोपताना बाटलीतून साखर घातलेलं दूध होतं, पण ते तिच्या लेखी "गोड" नव्हतं, दूध होतं.

मी म्हटलं, "ताई, आता तुम्ही आ करा." डावीकडच्या खालच्या दोन दाढा पोखरलेल्या, उजवीकडे एकीचं नुसतं मूळ शिल्लक. दुखणं लग्नाआधीपासूनचं. गरोदरपणात "आता नको, बाळाला त्रास होईल" म्हणून थांबली, मग "अंगावर पाजते" म्हणून थांबली, आणि मग राहूनच गेलं. चोपड्यापासून शहाद्यापर्यंत अशा राहून गेलेल्या दाढा मी रोज बघते. बाळाच्या दातांची काळजी पहिला दात दिसल्यावर सुरू करायची, अशी आपल्याकडे समजूत आहे. तोवर निम्मं काम हातचं गेलेलं असतं.

आईच्या तोंडातून बाळाच्या तोंडात काय जातं

दाताची कीड म्हणजे अळी नाही. आठवडे बाजारात भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन वाटीत पडलेल्या "अळ्या" दाखवणारे अजून भेटतात. त्या अळ्या दातातून निघालेल्या नसतात, एवढं सांगून पुढे जाते. कीड हे जंतूंचं काम. त्यातला म्होरक्या स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स. आपण खाल्लेली साखर तो खातो आणि आम्ल सोडतो, त्या आम्लात दाताचं वरचं कवच विरघळत जातं.

बाळ हे जंतू घेऊन जन्माला येत नाही. ते त्याला सगळ्यात जवळच्या माणसाच्या लाळेतून मिळतात, आणि ते माणूस बहुतेक वेळा आई असते. आई आणि मूल दोघांच्या तोंडातले जंतू तपासले तर पुष्कळदा अगदी एकाच वाणाचे निघतात. १९९३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की त्यांनी तपासलेल्या मुलांमध्ये हे जंतू साधारण १९ ते ३१ महिन्यांच्या दरम्यान ठाण मांडतात, म्हणजे दुधाच्या दाढा येत असतात तेव्हा. पुढच्या अभ्यासांत काही बाळांच्या तोंडात ते त्याहून आधी, अगदी दात यायच्याही आधी सापडले. जितके लवकर आणि जितके जास्त जंतू, तितकी कीड लवकर.

"आमच्या घराण्यातच दात वाईट," असं आजी सांगतात ते म्हणूनच अर्धं खरं. वारसा येतो, पण त्यातला मोठा वाटा जंतूंचा आणि सवयींचा.

इथे एक गैरसमज लगेच काढून टाकते. हे वाचलं की बायका बाळाचा चमचा वेगळा करतात, पापा घेणं बंद करतात, सासूबाईंनी फुंकर घातलेला घास परत करतात आणि घरात भांडण लागतं. चमचा वेगळा ठेवणं चांगलंच. घास चावून बाळाला भरवणं, खाली पडलेलं चोखणं स्वतःच्या तोंडात घालून "स्वच्छ" करणं हेही सोडावं. पण एका घरात, एका ताटाभोवती वाढणाऱ्या बाळापासून लाळ पूर्ण लांब ठेवणं कुणालाच जमत नाही. खरा फरक पडतो तो आईच्या लाळेत हे जंतू किती आहेत यावर. पोखरलेली दाढ हे त्यांचं वारूळ. चमचा वेगळा केला आणि वारूळ तसंच ठेवलं, तर हाती काही लागत नाही. पापा घ्या, दाढ भरून घ्या.

दुसरी वाट पोटातली. दुधाच्या दातांची घडण गर्भ सहा आठवड्यांचा असतानाच सुरू होते. चौथ्या महिन्याच्या सुमारास त्यात कॅल्शियम भरू लागतं. बाळ जन्मतं तेव्हा हिरडीखाली वीसही दातांची डोकी अर्धीमुर्धी तयार असतात, आणि पक्क्या दाढांपैकी पहिलीचं काम नुकतंच सुरू होत असतं. या काळात आईची आबाळ झाली, बाळ दिवस भरायच्या आत किंवा कमी वजनाचं जन्मलं, तर दाताचं कवच पातळ किंवा खडबडीत राहण्याची शक्यता वाढते. अशा दातावर कीड लवकर धरते. सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडून येणाऱ्या कमी वजनाच्या मुलांच्या दातांकडे मी म्हणून जरा जास्त बारकाईने पाहते.

एक गोष्ट मात्र होत नाही. "पोरानं माझ्या दातातलं कॅल्शियम ओढून घेतलं" असं प्रत्येक दुसरी बाई म्हणते. तयार झालेल्या दातातून कॅल्शियम परत काढून घ्यायची सोय शरीरात नाही. ते आहारातून आणि कमी पडलं तर हाडांतून जातं. गरोदरपणात दात खराब होतात ते उलट्यांनी, सुजलेल्या हिरड्यांनी, सतत थोडं थोडं खाण्याने आणि बंद पडलेल्या ब्रशने.

पायरी पहिली: दिवस जायच्या आधी

बाळाचा विचार सुरू झाला की एकदा दातांच्या डॉक्टरकडे जाऊन या. दुखत असो वा नसो. भरायच्या दाढा भरून घ्या, काढायच्या काढून टाका, दातांवर साचलेला दगडासारखा थर स्केलिंग करून साफ करून घ्या. रूट कॅनॉलसारखं तीन-चार खेपांचं काम या काळात सगळ्यात निवांत होतं.

आपल्याकडे यासाठी एक आयती वेळ आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, आठ-पंधरा दिवस राहतात. झोके, गौराई, आंब्याचा रस सगळं होऊ द्या, त्यातली एक सकाळ दवाखान्यासाठी काढा. सासरी "दुखत नसताना कशाला पैसे घालवायचे" हे ऐकावं लागतं, माहेरी आई सोबत येते. शक्य झालं तर त्याच खेपेत आईचेही दात दाखवा. नातवंड पुढे तिच्याच कडेवर असणार आहे.

पायरी दुसरी: गरोदरपण

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा रेंगाळते.

पहिले तीन महिने उलट्यांचे. उलटीसोबत पोटातलं आम्ल दातांवर येतं आणि कवच तेवढ्यापुरतं मऊ पडतं. अशा वेळी लगेच ब्रश घासला तर तेच कवच घासून निघतं. म्हणून उलटी झाली की ग्लासभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून चूळ भरा आणि थुंका. सोडा नसेल तर साध्या पाण्याने भरा. ब्रश निदान अर्ध्या तासाने. पेस्टच्या वासानेच मळमळत असेल तर पेस्ट बदलून पाहा, सकाळऐवजी दुपारी घासा, लहान मुलांचा छोटा ब्रश वापरा. दोन दिवस नुसत्या ओल्या ब्रशने घासलं तरी चालेल, पण ब्रश हातातून सोडू नका.

मग हिरड्या. या काळात वाढणाऱ्या हार्मोन्समुळे दातावरच्या थोड्याशा घाणीलाही हिरडी जास्त चिडते, सुजते, लाल होते, ब्रश लागला की रक्त येतं. निम्म्याहून जास्त गरोदर बायकांना हे होतं. रक्त दिसलं की घाबरून ब्रश बंद करतात, नुसतं बोट फिरवतात, आणि सूज आणखी वाढते. करायचं याच्या उलट. मऊ ब्रश दात आणि हिरडीच्या सांध्यावर तिरका धरून, हलक्या हाताने, दिवसातून दोनदा. आठवडाभरात रक्त कमी होताना दिसेल. नाही झालं तर स्केलिंग लागेल, आणि ते गरोदरपणात करता येतं. कधी दोन दातांमध्ये हिरडीची लालबुंद गाठ वाढते. ती कॅन्सरची नसते आणि बहुतेक वेळा बाळंतपणानंतर आपोआप बसते. तरी डॉक्टरला दाखवून घ्या.

आता दाढेचं दुखणं. गरोदर बाईच्या दातांवर उपचार करता येतात. हे वाक्य मी दिवसातून चारदा म्हणते आणि चारही वेळा सोबतची बाई माझ्याकडे संशयाने बघते. चौथ्या ते सहाव्या महिन्याचा काळ सगळ्यात सोयीचा: उलट्या थांबलेल्या असतात, पोट अजून फार मोठं नसतं. पण ठणका लागला, गाल सुजला, तर महिना कोणता हे न बघता यायचं. दाढेतला पू अंगात ठेवणं हे उपचारापेक्षा कितीतरी जास्त धोक्याचं. दाढ बधिर करायचं नेहमीचं इंजेक्शन चालतं. एक्स-रे गरजेचा असेल तर शिशाचा अ‍ॅप्रन घालून काढता येतो. शेवटच्या महिन्यांत खुर्चीवर फार वेळ उताणं झोपलं की चक्कर येते, तेव्हा उजव्या कुशीखाली उशी घेऊन थोडं डावीकडे कलून झोपा आणि मध्ये मध्ये उठून बसा.

गोळ्यांबाबत मात्र सावध. कितवा महिना आहे ते डॉक्टरला आधी सांगा. पोट दिसत नसेल तर आम्हालाही कळत नाही. मेडिकलवरून सांगून आणलेली दुखण्याची गोळी घेऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या गरोदरपणात, विशेषतः विसाव्या आठवड्यानंतर टाळायच्या असतात. पॅरासिटामॉल चालते, तीही डॉक्टरला विचारून. टेट्रासायक्लिन गटातल्या अँटिबायोटिक्सने पोटातल्या बाळाच्या तयार होणाऱ्या दातांवर कायमचे पिवळे-तपकिरी डाग पडतात, म्हणून त्या द्यायच्याच नाहीत. आणि दाढेत तंबाखूची चिमूट, गोळीची पूड किंवा पेट्रोलचा बोळा भरू नका. हे सगळं मी तोंडातून काढलेलं आहे.

वेळेचं एक गणित लक्षात ठेवा. पहिल्या बाळंतपणाला सातव्या महिन्याच्या आसपास ओटी भरून मुलगी माहेरी जाते. सासरच्या डॉक्टरने निम्मं केलेलं रूट कॅनॉल माहेरी अडकतं आणि तात्पुरतं सिमेंट बाळंतपणाच्या तोंडावर निघून जातं. म्हणून चौथा लागला की दाखवा आणि डोहाळेजेवणाच्या आत काम संपवा. नसेलच संपणार, तर कोणत्या दाढेचं काय झालंय ते कागदावर लिहून घेऊन जा.

हिरड्यांच्या आजाराचा आणि दिवस पूर्ण भरायच्या आत होणाऱ्या बाळंतपणाचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. पण गरोदरपणात हिरड्या साफ केल्याने अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं कमी होतात, असं मात्र स्पष्ट दिसलेलं नाही. म्हणून "स्केलिंग केलं नाही तर बाळ लवकर होईल" अशी भीती कुणी घातली तर घाबरू नका. स्केलिंग तुमच्या हिरड्यांसाठी आणि पुढे बाळाला मिळणाऱ्या लाळेसाठी करा, तेवढं कारण पुरेसं आहे.

खाण्यात साखर किती यापेक्षा साखर कितीदा हे बघा. गोड काही तोंडात गेलं की जंतूंचं आम्ल अर्धा तास तरी दातावर काम करतं, मग लाळ हळूहळू ते निवळते. जेवणासोबत दोन लाडू खाल्ले तर एक हल्ला. तेच दोन लाडू दिवसभर तुकड्या-तुकड्याने चघळले तर दहा हल्ले. गूळ असो, खडीसाखर असो, जंतूला फरक कळत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा तोंड सतत कोरडं पडतं, लाळ कमी होते आणि हातात सरबताचा ग्लास असतो. माठातलं पाणी आणि बिनसाखरेचं ताक जवळ ठेवा. कॅल्शियमच्या आणि लोहाच्या सरकारी गोळ्या घ्या, पण दोन्ही एकाच वेळी नकोत, एकमेकींचं काम अडवतात.

मशेरी

हिला पायरी म्हणणार नाही, पण हिच्याशिवाय लेख पुरा होत नाही. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि दातांना लावायची. कुणी तिला मिश्री म्हणतं. लावणारी बाई "मी तंबाखू खात नाही" असं शपथेवर सांगते, कारण तिच्या मनात ती तंबाखू नसून मंजन असते. सकाळी एकदा, दुपारी भांडी झाल्यावर एकदा, आणि दहा-पंधरा मिनिटं तोंडातच ठेवायची. त्यातलं निकोटिन हिरडीतून रक्तात आणि रक्तातून बाळापर्यंत जातं. तंबाखूमुळे बाळाचं वजन कमी भरतं, पोटातच दगावण्याचा धोका वाढतो. पाजणाऱ्या आईच्या दुधातही निकोटिन उतरतं. वर हिरड्या मागे सरतात ते वेगळंच.

"लावल्याशिवाय पोट साफ होत नाही," हे पहिलं उत्तर असतं. ते खोटं नाही, निकोटिनची सवय लागलेल्या शरीराला तसं होतं. सकाळी उठल्यावर दोन ग्लास कोमट पाणी, रात्री भिजवलेल्या मनुका, आणि नेहमीच्या वेळी साधी पेस्ट-ब्रश. पहिला आठवडा चिडचिडीचा जातो, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे. सासू आणि सून दोघी लावत असतील तर दोघींनी एकदमच सोडावी. एकीची डबी फळीवर असताना दुसरीची सुटत नाही.

पायरी तिसरी: सव्वा महिना

बाळंतिणीने थंड पाण्याला हात लावायचा नाही, कडक खायचं नाही, दात ढिले होतात, ब्रश नको. यातलं ब्रशचं सोडून बाकी काय पाळायचं ते तुमच्या घरी ठरवा. ब्रश दुसऱ्या दिवसापासून करा, हवं तर कोमट पाण्याने. डिंकाचे, मेथीचे लाडू, अळिवाची खीर हा खुराक चांगला आहे, पण तो जेवणाला जोडून खा आणि वर चूळ भरा. रात्री पाजायला उठल्यावर लाडू खायची सवय दातांना सगळ्यात वाईट, कारण झोपेत लाळ आटलेली असते. बाळंतशोपा खुशाल खा. विड्यातली सुपारी काढा, आणि तंबाखू तर नकोच.

गरोदरपणात राहिलेली दाढ आता करून घ्या. बधिर करायचं इंजेक्शन, पॅरासिटामॉल, अ‍ॅमॉक्सिसिलिन ही नेहमीची औषधं अंगावर पाजताना चालतात, दूध तोडावं लागत नाही. बाळाला पाजून या, सोबत कुणीतरी आणा, तासाभरात मोकळ्या होता. पहिला दात सहा महिन्यांच्या आसपास येतो, म्हणजे तुमच्या हातात सहा महिने आहेत.

याच ठिकाणी झायलिटॉलचं सांगते. ही साखरेसारखी गोड लागणारी, पण कीड करणाऱ्या जंतूंना पचवता न येणारी वस्तू. फिनलंडमधल्या यलिविएस्का गावात बाळ तीन महिन्यांचं झाल्यापासून दोन वर्षांचं होईपर्यंत आयांना झायलिटॉलचं च्युइंगम रोज चघळायला दिलं. दोन वर्षांच्या वयात त्यांच्या मुलांपैकी दहातल्या एकाच्या तोंडात हे जंतू सापडले. इतर उपाय केलेल्या गटांत हेच प्रमाण तिप्पट ते पाचपट होतं. चघळलं आईने, फायदा झाला मुलाला. आपल्याकडे हे च्युइंगम महाग पडतं आणि सगळीकडे मिळत नाही, म्हणून मी ते सांगायलाच हवं असं मानत नाही. मिळालं तर जेवणानंतर चघळा, बाळाला देऊ नका, आणि घरात कुत्रा असेल तर त्याच्यापासून लांब ठेवा, कुत्र्याला ते विषासारखं आहे.

पायरी चौथी: दात यायच्या आधी

सहा महिने फक्त अंगावरचं दूध. भुसावळच्या मे महिन्यातही वरून पाणी लागत नाही. मध तर वर्षाच्या आत चाटवायचाच नाही, बारशाला नाही, घुटीतही नाही. त्यातून बोटुलिझम हा जिवावरचा आजार होऊ शकतो. दातांचं कारण त्यानंतर येतं: गोडाची चटक पहिल्या महिन्यापासून लागते. चोखणं किंवा बोंडलं साखरेच्या पाण्यात बुडवून देणं याच कारणाने नको.

स्वच्छ धुतलेलं मऊ सुती फडकं तर्जनीला गुंडाळा, उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवा, आंघोळीच्या वेळी हिरड्यांवरून एकदा फिरवा. जंतू मारणं हा यातला हेतू नाही. तोंडात कुणीतरी बोट घालतं याची बाळाला सवय लागते, आणि ही सवय पुढे सोन्याची ठरते.

दात येताना लाळ गळते, बाळ किरकिर करतं, हिरड्या चावतं. खूप ताप आणि जुलाब हे मात्र दातांचे नाहीत. "दात येताहेत" म्हणून जुलाब घरी काढू नका, दवाखान्यात न्या.

पायरी पाचवी: पहिला दात

पहिला दात दिसला त्या दिवसापासून फ्लोराइडची पेस्ट. खूप घरांत बाळासाठी म्हणून बिनफ्लोराइडची, फळांच्या चवीची पेस्ट आणतात. नळीवर बारीक अक्षरात लिहिलेलं वाचा: १००० पीपीएमच्या आसपास फ्लोराइड असलेली, घरातल्या मोठ्यांची साधी पेस्ट चालते. फरक मापाचा. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, ओल्या ब्रशवर पुसल्यासारखी. तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर नागमोडी कधीच नाही. पेस्ट मोठ्यांनीच लावायची आणि नळी मुलाच्या हाताला लागणार नाही अशी ठेवायची.

गावातल्या बऱ्याच मुलांच्या पक्क्या दातांवर खडूसारखे किंवा तपकिरी पट्टे दिसत असतील, तर बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असू शकतं. ग्रामपंचायतीमार्फत भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत पाणी तपासून घेता येतं. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर असेल तर पिण्याचं पाणीच बदलावं लागतं, पेस्ट बंद करून तो प्रश्न सुटत नाही.

ब्रश दोनदा. त्यातला रात्रीचा चुकवू नका, आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही.

पहिला दात आल्यापासून सहा महिन्यांत, फार तर पहिल्या वाढदिवसापर्यंत बाळाला एकदा डॉक्टरला दाखवा. जावळाच्या धावपळीत ही खेप राहते.

पायरी सहावी: महिन्यातून एकदा ओठ उचला

हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी केलं जाणारं काम. दारातल्या ओट्यावर, उजेडात, तुम्ही आणि सासूबाई समोरासमोर बसा, गुडघ्याला गुडघा लावून. बाळाचं तोंड तुमच्याकडे, पाय तुमच्या कमरेभोवती. मग त्याला हळूच मागे झोपवा, डोकं सासूबाईंच्या मांडीवर. त्याचे हात तुम्ही धरा, ओठ सासूबाईंनी उचलावा. रडलं तर उलट बरं, तोंड पूर्ण उघडतं.

पाहायचे ते वरचे समोरचे चार दात, हिरडीला लागून. ओल्या दातावर काही कळत नाही, फडक्याने पुसून कोरडे करा. खडूने ओढल्यासारखी पांढरी, चमक नसलेली रेघ दिसली तर कीड सुरू झाली आहे, पण खड्डा अजून पडलेला नाही. या टप्प्यावर दात परत सावरतो: बाटली बंद, पेस्ट दोनदा, आणि दवाखान्यात फ्लोराइड वार्निशचा, म्हणजे दातावर लावायच्या फ्लोराइडच्या लेपाचा, हात. पिवळी-तपकिरी झाली, नखाला खरखर लागली, तर उशीर झाला, पण फार नाही.

वरचेच का? झोपेत दूध वरच्या दातांभोवती साचतं. खालच्या दातांवर जीभ पांघरूण घालते आणि लाळेची मोठी ग्रंथी तिथेच उघडते. त्या अडीच वर्षांच्या मुलाचे खालचे दात शुभ्र होते ते यामुळे.

पायरी सातवी: दीड ते तीन वर्षं

बाटली एक वर्षापासून कमी करून दीड वर्षापर्यंत सोडवा. एका रात्रीत हिसकावली तर सगळी आळी जागी राहते. आधी साखर बंद. मग दर तीन-चार रात्रींनी दुधात थोडं थोडं पाणी वाढवत जा, दोन-तीन आठवड्यांत बाटलीत नुसतं पाणी उरतं. पाण्यासाठी बाळ स्वतःहूनच फार हट्ट करत नाही. दिवसाचं दूध पेल्याने.

अंगावरचं दूध दोन वर्षं आणि पुढेही चालू ठेवायला हरकत नाही. दात आल्यावर रात्रभर तोंडात धरून झोपायची सवय मात्र हळूहळू मोडा, खास करून बाळ वरचं गोड खात असेल तर.

आपल्याकडचा खरा शत्रू चहा-बिस्किट. पाच रुपयांचा पुडा हातात देऊन मुलाला अंगणात सोडलं की दुपारभर त्याचा चोथा दाढांच्या खाचांत बसून राहतो. त्याऐवजी केळं द्या, रावेर-यावलच्या पट्ट्यात त्याची काय कमी. वरणात कुस्करलेली बट्टी, दुधात भिजवलेली भाकरी, उकडलेला बटाटा. शेंगदाणे अख्खे नकोत, ठसका लागतो, कूट करून द्या. दोन वर्षांपर्यंत वरून साखर घालूच नका. खोकल्याची गोड औषधं रात्री दिली तर वर पाणी पाजा.

कीड लागलीच असेल तर "दुधाचे दात आहेत, पडणारच" म्हणून सोडू नका. दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. लहान मुलाला ड्रिल न लावता कीड थांबवायचं सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचं औषध आहे. किडलेल्या जागेवर थेंबभर लावतात, मिनिटभराचं काम. ती जागा कायमची काळी पडते, हे आधी समजून घ्या, नाहीतर घरी गेल्यावर "डॉक्टरने दात जाळला" म्हणून गोंधळ होतो.

कुठे जायचं

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रांवर गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. तिथे दाढेचं दुखणं आपणहून सांगा, कुणी विचारेल याची वाट पाहू नका. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय रुग्णालयात दातांचा विभाग गाठा. ग्रामीण रुग्णालयात दातांचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात ते आशाताईंना विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, दातांची तपासणी त्यात आहे. गाडी येणार त्या दिवशी मूल शेतात नेऊ नका.

त्या आईचं सांगायचं राहिलं. मुलाच्या दातांना पहिल्या दिवशी मी हातच लावला नाही. तिच्या दोन दाढा भरल्या, पुढच्या खेपेला मूळ काढलं. दोन्ही वेळा तो आजीच्या मांडीवर बसून आईच्या तोंडात आरसा जाताना बघत होता. तिसऱ्या खेपेला मी आरसा पुसत होते, तेवढ्यात तो स्वतःच खुर्चीवर चढून बसला आणि त्याने आ केला.